अकरांतला सातवा

“डावीकडून हवा सुटतेय,” मी म्हणाले.

“कळतंय ग मला. दुसरा दे.” ताईने क्लॅरिनेट मांडीवर आडवी घेतली, माउथपीस काढून माझ्या हातात ठेवला आणि रुमालाने तोंडाची डावी कड टिपली.

दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघी सकाळपासून बसलो होतो. टेबलावरच्या हिरव्या कापडावर अकरा माउथपीस मांडले होते. बावीस वर्षं मी याच खोलीत हेच काम करते आहे. वाजवणारा येतो, मी त्याला एकेक माउथपीस लावून देते, डोळे मिटून ऐकते आणि मग त्याच्या तोंडाकडे बघते. कुणाचा खालचा ओठ जाड असतो, कुणाचे पुढचे दात तिरके, कुणाचा जबडा आखूड. एकाच्या तोंडी गोड बोलणारा माउथपीस दुसऱ्याच्या तोंडात बदकासारखा केकाटतो. आमचे मालक गिऱ्हाइकांना सांगतात, “बाई नाही म्हणाल्या तर घेऊ नका. त्या माझंही ऐकत नाहीत.”

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते. तिने कॉलेज सोडलं आणि नगरपालिकेच्या बँडमध्ये लागली. अठ्ठावीस वर्षं पहिल्या रांगेत, पहिली क्लॅरिनेट. माझं शिक्षण, माझं आजारपण, माझं लग्न, सगळं तिने निभावलं. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. एखादं पत्र टाकायचं राहून जावं, तशा सुरात ती ते सांगायची.

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना ताईच्या तोंडातून पाणी आपोआप डावीकडून सांडलं. आरशात बघते तर अर्धा चेहरा खाली उतरलेला. “चेहऱ्याची नस आहे, बहुतेक जण पूर्ण बरे होतात,” डॉक्टर म्हणाले. ताई बहुतेकांत बसली नाही. डोळा पुन्हा मिटायला लागला, गाल थोडा वर आला, पण ओठाची डावी कड सैल राहिली. प आणि ब तिला नीट म्हणता येत नव्हते. ते असलेले शब्दच ती टाळायला लागली, आणि इतक्या सफाईने, की परक्याला पत्ता लागू नये.

सोमवारी तिला बँडमास्तरांना वाजवून दाखवायचं होतं. जमलं तर रांगेत जागा, नाहीतर नाही.

सातवा माउथपीस लावला आणि मी सावरून बसले. माउथपीसचं टोक आणि त्यावर बांधलेली वेताची पट्टी यांच्यात फट असते. ती मोठी असली की आवाज मोठा, पण ओठांनी तेवढंच घट्ट आवळावं लागतं. या सातव्याची फट अगदी बारीक होती. मी त्यावर सगळ्यांत मऊ पट्टी बांधली. ताईने फुंकला. हवा सुटली नाही. लहानसा, गोलसर आवाज आला आणि तिने एक संथ चाल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच चाल पुरी झाली होती.

“हाच,” मी म्हणाले. “हा तुझा.”

“हा शिकणाऱ्यांना देतेस तू.”

“देते ना. पण आत्ता तुझ्या तोंडाला हाच बसतो, ताई.”

“चाळीस जणांत कुणाला ऐकू जाणार? शेजारचा शिंकला तरी मी झाकले जाईन.” तिने हात लांब केला. “तो चौथा दे.”

चौथ्याची फट मोठी होती. तिने सगळा जोर उजवीकडे लावला. उजवा ओठ पांढरा पडला, मानेची शीर उठली आणि तिचा जुना, भरलेला आवाज खोलीभर झाला. बाहेरच्या खोलीत मालकांचं बोलणं थांबलं. दोन मिनिटं. मग डावीकडून सूं करून हवा निघाली.

“दोन मिनिटं टिकला,” ती धापा टाकत म्हणाली. “सरावाने वाढेल. वाढेल ना? तू सांग. तू नाही म्हणालीस तर नाही नेणार.”

दुसरं कुणी असतं तर तो माउथपीस मी हातातून काढून घेतला असता.

“वाढेल,” मी म्हणाले. “ने.”

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. हॉलमध्ये खुर्च्यांची चळत लावलेली, मधोमध एकच मांडलेली. ताईने बँडचा कोट घातला होता. सुरुवातीला बँडमास्तर मान डोलावत होते. मग लांब सूर आला आणि तो फाटला. ताईने कड टिपली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा फाटला. तिसऱ्या वेळी बँडमास्तर स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

“बाई, जरा पाणी घ्या,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दुसरा एखादा माउथपीस चालला नसता का? तुम्ही तर यातल्या जाणकार.”



“हिने सांगितलं होतं,” ताई म्हणाली. “मीच ऐकलं नाही.”

बाहेर जिन्यावर मी तिचा हात धरला. “ताई, मी तुला खोटं…”

“ठाऊक आहे ग. लहान होतीस तेव्हासारखीच नाक चोळत होतीस.”

“मग का नेलास?”

ती दोन पायऱ्या उतरली. “त्या खुर्चीवर एकदा मोठ्याने वाजवायचं होतं. निदान अर्धं झालं.”

बँडमास्तर माणूस चांगला. त्यांनी तिला स्वरलिपीच्या खोलीत काम दिलं. कागद लावायचे, फाटलेली पानं नव्याने उतरवायची. सातवा माउथपीस मी तिला घरी नेऊन दिला. तिने तो नीट पुसून कपाटात ठेवला आणि क्लॅरिनेटची पेटीही त्याच्या शेजारी.

परवा ती डबा माझ्याकडे विसरली म्हणून दुपारी तो घेऊन स्वरलिपीच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. समोर, ताईच्या जागी आलेल्या नव्या मुलीसाठी उतरवलेलं पहिल्या क्लॅरिनेटचं पान होतं. ताईची बोटं टेबलाच्या कडेवर चालत होती, सराईत, एकही न चुकता. एका जागी बोटं थांबली. तिने पेन्सिल उचलली आणि सुरांच्या वर एक बारीक खूण केली.

माझी चाहूल लागली तरी तिने मान वर केली नाही. “इथे तिला श्वास घ्यावा लागेल,” ती म्हणाली. “नाहीतर लांब सुराला दम राहणार नाही.”

तिची बोटं पुन्हा चालू लागली. मी डबा हातात धरून, पान संपेपर्यंत दारातच उभी राहिले.