मिरचीला जागं करणारा रांजण

मालसुनआजी गेल्याचा फोन इस्पितळातून आला, त्याच दुपारी मी रिकामा झालो.

मित्रांनो, मी एक जुना मातीचा रांजण. कोरियातल्या योंगयांगच्या डोंगरात, मिरचीच्या शेताकडेला माझा मुक्काम. अंगणातले सोयासॉसचे रांजण मानाने ओट्यावर बसतात. मला मात्र वासामुळे कुंपणाशी जागा मिळाली.

माझ्या पोटात आजी खेकड्यांची कुटलेली कवचं, पाणी आणि विरजण घालायची. विरजणातले बारीक जीव ती कवचं फोडायचे. कवचांत साखरेच्या कणांच्या लांब साखळ्या असतात. मिरची कुजवणाऱ्या बुरशीच्या अंगावरही तशाच. माझ्यातलं पाणी फवारून त्या साखळ्यांचे तुकडे पानावर पडले, की झाडाला वाटतं शत्रू दारात आला, आणि ते आपल्या पेशींच्या भिंती जाड करू लागतं.

"साखर पाजून मिरची गोड करशील!" ब्योंगताकआजोबा चिडवायचे.

"तुम्हाला चाळीस वर्षं पाजतेय, झालात का गोड?" आजी म्हणायची.

त्या दुपारी, घरी माणसं येणार म्हणून शेजारणींनी मायेने मला कढत पाण्याने घासलं. विरजण वाहून गेलं. महिन्याने आजोबांनी झाकण उघडलं, तर आत विरजणाचा थेंबही नव्हता. शेतातली रोपं आजीने राखलेल्या बियाण्याची होती. ते बियाणं दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. पावसाळा तोंडावर होता, आणि पावसात बुरशी आठवड्यात शेत काळं करते.

मग शेजारची ओकबुन डबा घेऊन आली.

"भाऊजी, हे विरजण ताईंनीच दिलं होतं मला. रांजण घासायला मीच पुढे होते हो."

"वास येत होता ना? मग बरं केलंत." आजोबांनी डबा दोन्ही हातांनी घेतला. "पानांवर डाग दिसले की फवारतो."

"तहान लागल्यावर विहीर खणणार? हे काय डागांवर लावायचं मलम आहे? झाडाला आधी जागं करायचं असतं!"

ओकबुनने माझ्यात कवचं, पाणी आणि ते विरजण घातलं, आणि पंधरवड्यात मी पुन्हा फसफसू लागलो. पावसाआधी आजोबांनी दोनदा फवारलं. पाऊस लागला, काही फळं कुजली, पण झाडं उभी राहिली. ज्यांनी मला घासलं आणि ज्यांनी पुन्हा भरलं, त्या एकाच हातांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, वास येणारं जुनं भांडं दिसलं, तर घासण्यापूर्वी एकदा विचारा, की आत काय चाललं आहे.

मिरच्या आता लाल झाल्या आहेत. बियाण्यासाठी कोणत्या राखायच्या, ते आजी निवडायची. यंदा अजून कुणी निवडलेल्या नाहीत.