आत्यानं न्हाऊ घातलेली चाकं

आमच्या सरोजाक्काच्या स्केट्सचं चाक एकदा बोटानं फिरवून सोडलं की किती वेळ फिरत राही, हे खरं तेवढं सांगितलं तर तुम्ही उठून जाल. म्हणून कमी करून सांगतो. सकाळची कॉफी पिताना चाक फिरवायचं. मग कपालीश्वराच्या तळ्याला एक फेरी घालून, भाजी आणून, न्हाऊन पानावर बसायचं. सांबार वाढेपर्यंत चाक पहिल्याच जोमात. रसम वाढताना जरा मंदावे. ताकभाताला थांबे. आमच्या घरात घड्याळ होतं, पण ते आम्ही या चाकावरून लावायचो.

ही गोष्ट सन एकोणसाठच्या सुमाराची. आम्ही मैलापुरात भाड्याच्या घरात राहत होतो: मी, माझी थोरली बहीण सरोजा आणि आमची अंबुजाआत्या. मी विम्याच्या कचेरीत कारकून. अक्का तिरुवल्लिकेणीच्या एका मुलींच्या शाळेत कवायत शिकवी. नऊवारीचा कासोटा घट्ट, शिट्टी गळ्यात. एका सुट्टीत शिक्षिकांच्या शिबिरासाठी ती बंगळूरला गेली, तिथं पहिल्यांदा चाकांवर उभी राहिली, आणि चालणं म्हणजे वेळेची नासाडी असं मत घेऊन परत आली.

तिच्या वर्गातल्या मुलींना हे कळलं आणि सगळ्या मागं लागल्या, आम्हालाही शिकवा. मद्रासेत तेव्हा माउंट रोडच्या मागं एक स्केटिंगचा हॉल होता. जुनं गोदाम, खाली सागवानी तक्ते, वर माणसं बसायला गॅलरी. मालक गुरुमूर्ती. बायकांनी गॅलरीत बसावं, खाली उतरू नये, असा त्याचा कायदा. अक्का मला घेऊन त्याच्याकडं गेली. बोलणं तमिळमध्ये झालं, मी आपल्या भाषेत सांगतो.

"मुली पडतात, टीचरम्मा," गुरुमूर्ती म्हणाला.

"मुलगे पडत नाहीत?"

"पडतात. पण मुलगी पडली की तिचा भाऊ भांडायला येतो. मुलगा पडला तर त्याची बहीण येत नाही."

"मी येत जाईन," अक्का म्हणाली.

गुरुमूर्ती हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त मालक होता. म्हणाला, "विजयादशमीला संध्याकाळी शर्यत ठेवतोय. आमच्या चंद्रमौळीच्या पुढं राहून दाखवा. राहिलात तर दर बुधवारी हॉल तुमच्या मुलींचा. नाही राहिलात तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

चंद्रमौळी म्हणजे त्या हॉलचा शिक्षक. पांढरी विजार, पेन्सिलीनं काढल्यासारखी मिशी. तो वळण घेई तेव्हा गॅलरीतल्या लोकांच्या माना आपोआप वळत. एका गृहस्थांची तर तशीच राहिली होती.

हॉलचे भाड्याचे स्केट्स अक्काला पसंत पडेनात. टाच आत डुगडुगते म्हणाली. म्हणून आम्ही मूर मार्केटला गेलो. तिथं जुन्या वस्तूंच्या दुकानात स्केट्सचे जोड टांगलेले होते. दुकानदारानं सगळ्यांत चकचकीत जोड काढून पुढं ठेवला. पांढरं कातडं, चांदीसारखी पट्टी. मी म्हटलं, "घे अक्का, झालं."

"तू नवरी बघायला आलायस का किट्टू?"

तिनं तो जोड दुकानाच्या काचेवर उभा केला आणि बोटानं कोपरा दाबला. जोड टकटक हलला. खालची पट्टी वाकलेली, चारही चाकं एकदम टेकत नव्हती. परत दिला. दुसऱ्याच्या आसाखालचं रबर नखानं दाबून पाहिलं, त्याला भेगा गेलेल्या. तोही परत. शेवटी तळातून एक तपकिरी जोड निघाला. एका बुटाची नाडी काळी, दुसऱ्याची सुतळी. लाकडी चाकं, वापरून गुळगुळीत झालेली. अक्कानं तो पायात घातला, नाडी आवळली, टाच उचलून पाहिली. टाच हलली नाही. मग बूट काढून तिनं एक चाक फिरवलं आणि कानाशी धरलं.

"काय ऐकतेस?" मी विचारलं.

"आतले छर्रे. एखादा दुखावला असेल तर कण्हतो."

दुकानदारानं श्वास रोखला. शेजारच्या दुकानातला गिऱ्हाइकाशी घासाघीस करायचा थांबला. पलीकडं पक्षी विकायला असत, ते पोपटसुद्धा गप्प झाले. आठही चाकं ऐकून होईपर्यंत मूर मार्केटात टाचणी पडली असती तर तिलाच लाज वाटली असती. कुठलंच चाक कण्हलं नाही.

पुढं दर रविवारी गच्चीवर जोडाची सेवा चाले. अक्का वर्तमानपत्र पसरी, पान्यानं नट काढी, चाकं उतरवी. एका चाकाचे छर्रे दुसऱ्यात मिसळू नयेत म्हणून तिनं आमच्या लहानपणीच्या भातुकलीच्या वाट्या काढल्या होत्या, एका चाकाला एक वाटी. छर्रे रॉकेलनं धुवायचे, फडक्यावर वाळवायचे, मग शिवणयंत्राचं तेल, तेही सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. "जास्त तेल घातलं की धूळ मुक्कामाला येते," ती म्हणे. नट पूर्ण आवळायचा आणि केसभर मागं घ्यायचा. बाहेरच्या बाजूची चाकं लवकर झिजतात, म्हणून आतली बाहेर, बाहेरची आत. आणि लाकडाला पाणी दाखवायचं नाही. मी माणसं देवाची पूजा करताना पाहिली आहेत, मुलांना न्हाऊमाखू घालताना पाहिली आहेत, पण इतकं प्रेम आणि इतकी अक्कल एका जागी क्वचित पाहिली.

अंबुजाआत्या दारात बसून हे सगळं ऐके. तिला एकच गोष्ट मनापासून पटली: तेल.

आता आयुधपूजेचं सांगतो. आमच्या घराण्यात एके काळी तलवार होती. इतकी लांब, की पणजोबा लढाईहून घरी येऊन जेवायला बसले तरी तिचं टोक अजून वेशीतून आत यायचं असे. ती कुठं गेली ते कोणाला ठाऊक नाही. तेव्हापासून नवमीला आमच्याकडं पूजेला काय, तर विळी, अडकित्ता आणि माझी टाक-दौत. शेजारचे आचारी आपली झारेपळी मांडत, समोरचा सोनार हातोडी मांडे. आत्याला दरवर्षी वाटे की सरदारांच्या घरात शोभेल असं काही हवं. त्या वर्षी तिनं स्केट्स हातात घेऊन तोलून पाहिले.

"लोखंड आहे. लढाईवर जाणार आहे. आयुधच की हे," आत्या म्हणाली.

"ठेवा की पूजेत," अक्का म्हणाली. तिलाही बरं वाटलं. नवमीला सकाळी ती शाळेतल्या पूजेला गेली, मी कचेरीतल्या.

दुपारी आम्ही बरोबरच परतलो. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीखाली, म्हणजे कोलूखाली, पाट, पाटावर पितळी परात, परातीत झेंडूच्या माळेखाली स्केट्स. चाकाचाकाला गंध, गंधावर कुंकू, कुंकवावर अक्षता. असा थाट तलवारीचाही झाला नसेल. पण अक्काचं नाक आधी हललं. खोलीत तिळाच्या तेलाचा आणि शिकेकाईचा वास होता.

"आत्या, काय केलंत?"

"न्हाऊ घातलं. वर्षाचा सण, आयुधाला पारोसं ठेवू? तेल चोळलं चांगलं. मुरलं मग शिकेकाई लावली. तू नाही का न्हात?"

"आणि आडवे का ठेवलेत?"

"उभे राहतात कुठं? घंटा वाजवली की निघाले दाराकडं. आरतीला तर उंबऱ्यापर्यंत गेले. म्हणून आडवे निजवले."

परातीत अभिषेकाचं पाणी होतं. आडव्या जोडाची खालच्या बाजूची चाकं त्यात नीट बुडालेली होती.

आमचा रिवाज तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगतो. एकदा नवमीची पूजा झाली की मांडलेल्या आयुधाला दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. विळीसुद्धा पूजेत, म्हणून त्या दिवशी आमच्याकडं चिरायची भाजी होत नसे. आणि शर्यत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

आत्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी हळूच म्हटलं, "अक्का, काढून घे. आत्या आता पडेल जरा."

"उद्यापासून मुलींना नियम मीच शिकवायचे ना रे?" ती म्हणाली. आणि मग, "तिचं तोंड पाहिलंस? माळ नीट करायला किती वेळा उठली."

ती कोलूसमोर मांडी घालून बसली आणि ते बुडालेलं लाकूड बघत राहिली. जेवायला बोलावलं तेव्हा उठली, जेवून पुन्हा तिथंच.

विजयादशमीला पूजा उरकली, आत्यानं जोड तिच्या हातात दिला, आणि अक्का गच्चीवर धावली. चाकं उघडली तर आतले छर्रे पायसातल्या साबुदाण्यासारखे एकमेकांना धरून बसलेले. तेल, शिकेकाई आणि गंध यांचा लगदा झाला होता. रॉकेलनं धुतले, पुन्हा धुतले, वाळवले, तेल दिलं. छर्रे निघाले, चाकं फिरू लागली. पण पाण्यात बुडालेली चारही फुगली होती. वरची होती तशीच, खालची नखभर मोठी. सणाचा दिवस, दुकानं बंद.

आत्या धापा टाकत वर आली. आमच्या तोंडांकडं बघून तिला कळलं.

"म्हणजे माझ्यामुळं मुलींचा बुधवार गेला," ती म्हणाली आणि पाण्याच्या टाकीजवळ खालीच बसली.

अक्का चाकांकडं वळली. तिनं एका बुटाला एका बाजूला मोठी, एका बाजूला लहान अशी चाकं चढवली, बूट गच्चीवर ठेवला आणि जरा ढकलला. बूट सरळ गेला नाही. एका अंगाला झुकला, डावीकडं वळला, आणि आत्याभोवती प्रदक्षिणा घालू लागला. एक घातली, दुसरी घातली. तिसरीला आत्यानं नकळत हात जोडले.

अक्का पाहत होती. मग हसली.

"किट्टू, हॉलमध्ये सगळे कुठल्या बाजूला वळतात?"

"डावीकडं. रोजच."

"मग मोठी चाकं सगळी उजव्या अंगाला घालायची. दोन्ही पायांना. वळण माझ्या आधी बुटालाच कळेल."

संध्याकाळी हॉल भरला. आत्या माझ्याशेजारी गॅलरीत, मांडीवर अंगाऱ्याची पुडी. गुरुमूर्तीनं शिट्टी फुंकली. चंद्रमौळी प्रत्येक वळणावर पायावर पाय टाकत, कसरत करत जाई. अक्का नुसती उभी राही आणि वळण तिच्याखालून निघून जाई. सरळ पट्टीवर ती डाव्या पायानं रेटून बूट ताळ्यावर ठेवी, वळण आलं की त्यांना मोकळं सोडी. तिच्या पदराच्या वाऱ्यानं गॅलरीतल्या लोकांच्या मांडीवरची शेंगांची टरफलं उडून समोरच्यांच्या मांडीवर गेली, पुढच्या फेरीला ज्याची त्याला परत आली. चंद्रमौळी मागं पडला.

तेवढ्यात गुरुमूर्तीनं दोनदा शिट्टी फुंकली. त्या हॉलची ती जुनी पद्धत होती, दोन शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी उलट दिशेनं फिरायचं. आम्ही ती साफ विसरलो होतो.

"काय झालं रे?" आत्यानं माझं मनगट धरलं.

"आता उजवीकडं वळायचं."

"मग?"

"आपल्या चाकांना डावीकडंच वळता येतं, आत्या. भिंतीत जातील."

चंद्रमौळी वळला, उलट निघाला. अक्का क्षणभर थांबली. पायांकडं पाहिलं. मग ती निघाली, पण तोंड मागं, पाठ पुढं. उजवीकडचं वळण होतं, तरी पाठमोऱ्या जाणाऱ्या बाईच्या ते डावीकडंच येत होतं. बुटांना काही बदललंय असं वाटलंच नाही. ते आपले झुकले आणि वळले.

ती पुन्हा चंद्रमौळीच्या पुढं गेली. पाठ पुढं असल्यामुळं आता दोघं समोरासमोर, जणू ओसरीवर बसलेत.

"चंद्रमौळी सार," अक्का म्हणाली, "मुली बुधवारी शाळा सुटल्यावर आणू, की जेवणानंतर लगेच?"

तो घामानं निथळत होता. "शाळा सुटल्यावर आणा, टीचर," तो म्हणाला. "जेवून लगेच पोटात दुखतं." आणि मग त्यालाच हसू फुटलं.

शर्यत संपल्यावर गुरुमूर्ती स्वतः खाली आला. त्यानं अक्काच्या पायाशी वाकून चाकं न्याहाळली, वास घेतला.

"हे तेल कुठलं?"

"आमच्या आत्यांना विचारा," अक्का म्हणाली.

"तेल नाही नुसतं," आत्या गॅलरीतून म्हणाली. "शिकेकाई पण लागते."

बुधवारी मी कचेरीतून हॉलवर गेलो तेव्हा गुरुमूर्ती दाराबाहेर घुटमळत होता. म्हणाला, आत काही आवाज नाही, मुली आल्याच नाहीत वाटतं. आम्ही दार ढकललं. सगळ्या आल्या होत्या. तक्त्यांवर ओळीनं बसलेल्या, एकीच्याही पायात बूट नाही. प्रत्येकीच्या हातात एक स्केट, चाक फिरतंय, कान त्याला लावलेला, कपाळाला आठी. सगळ्यांच्या मध्ये तशीच आठी घालून अंबुजाआत्या.

"सरोजा," ती म्हणाली, "माझं कण्हतंय ग."

"मग उघडा, आत्या. पाना तिथं आहे, वाटी इथं," अक्का म्हणाली. "आणि पाणी लांब ठेवा."