काट्यावरच्या दहा वायरी

दहावी वायर टर्मिनलच्या धातूच्या नळीत सरकवून मावशींनी पक्कड टेबलाच्या कडेवर टेकवली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. तांब्याच्या तारांभोवती धातू आवळला गेला. कारखान्याच्या मालकाचं लक्ष नव्हतं. तो वायरी आवळणाऱ्या नव्या यंत्राच्या विक्रेत्याशी बोलत होता. मावशींनी दुखरा अंगठा मुठीत दडवला.

दोन महिने झाले, त्या हातात जोर उरला नव्हता. मालकाला कळलं असतं तर उद्यापासून घरी बसावं लागलं असतं, आणि घरात मिळवतं दुसरं कोणी नव्हतं.

"मावशी, घाबरलात की काय?" मालक हसला. "दहा तुमच्या, दहा यंत्राच्या. ज्याची वायर निसटेल तो घरी."

"यंत्राला कुठलं आलंय घर, दादा?" मावशी म्हणाल्या.

जोड किती ओढ सोसतो ते दाखवणाऱ्या काट्याच्या हुकाला मालक एकेक वायर अडकवून ओढू लागला. पहिली टिकली. दुसरी टिकली. बघता बघता दहाही टिकल्या. यंत्राची मात्र चौथी सुळकन निसटली.

"तार जाड होती, माप बदलायचं राहिलं," विक्रेता पुटपुटला.

"आमच्या मावशींना माप लावावं लागत नाही!" मालकाने टेबलावर थाप मारली. "न्या तुमचं यंत्र. आपली पक्कडच बरी."

कामावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींची नजर बाहेरच्या बाजूला गेली. दाराशी आज जायची खोकी रचलेली होती. नवजात बाळांना ठेवायच्या काचपेट्यांच्या वायरी. त्यातल्या चारशे मावशींच्या. रोजच्या मालातल्या दोन-चारच काट्यावर जात, आणि त्या मावशीच निवडून देत. बाकीच्या वायरींवर अंगाचा भार टाकायला वेळ कुठे होता? त्या हातातल्या उरल्यासुरल्या जोरानेच आवळलेल्या. सैल जोड तापतो, तापला की पेट घेतो, हे त्यांनीच कितीजणींना हात धरून शिकवलं होतं.

त्या उठल्या. आपल्या वायरींचं खोकं फोडून त्यांनी हाताला लागेल ती वायर काढली.

"दादा, ही पण लावा."

"आता कशाला? जिंकलात की!"

"लावा म्हणते ना."

मालकाने हसतच ती हुकाला अडकवली. बाहेर विक्रेता यंत्र गाडीत चढवत होता.

"त्या भाऊंना थांबायला सांगा आधी."

"का हो?"

"ओढा तुम्ही. मग सांगते."