धाकटीची खारफुटी

शहराचा किनारा दरवर्षी खचत होता. पालिकेत इंजिनिअर असलेल्या थोरलीने तिथे दगडी बांध सुचवला होता. पण सभेने तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीची खारफुटी लावायची योजना उचलून धरली. वर ती तपासायचं कामही थोरलीच्याच गळ्यात पडलं. तिचा नुसता जळफळाट झाला. लहानपणापासून कौतुक कायम धाकटीच्याच वाट्याला यायचं.

दोन दिवस ती अहवालात चूक शोधत बसली, आणि सापडलीही. भरतीची पातळी जुन्या नोंदींवरून घेतली होती. रोपं महिन्याभरात बुडून कुजली असती. आपण गप्प बसलो की धाकटीची पुरती फजिती होणार, हा विचार तिने दुपारभर मनात घोळवला. मग फोन लावला.

"अगं, तुझी पातळी जुनी आहे. रोपं हातभर उंचावर लाव."

"ताई, तू होतीस म्हणून वाचले गं."

दोन वर्षांत किनारा हिरवागार झाला. सत्काराच्या वेळी धाकटी सगळ्यांसमोर म्हणाली, "ही झाडं माझ्या ताईमुळे जगली." टाळ्या पडल्या. थोरली हसली खरी, पण तिच्या मनात आलं, हिला मनाचा मोठेपणासुद्धा किती सहज जमतो.