मागच्या चाकाच्या छत्तीस तारा

"ह्या नकोत. बारीक कंबरेच्या दाखवा," असं म्हणून ह्यांनी तारांची जुडी काउंटरवरून परत सरकवली.

दुकानदार माझ्याकडे बघून हसला. सायकलच्या तारेला कंबर असते हे मला लग्नानंतर कळलं. तोवर मी सुखात होते.

"काका, ह्या जाड आहेत, मजबूत आहेत. म्हातारीला जन्मभर पुरतील."

"म्हातारी माझी बहीण आहे. आणि जाड तार ताठ असते. खड्ड्यात चाक आपटलं की तिला ताणता येत नाही, मग मानेतून तुटते. मधे बारीक असलेली तार जरा पडतं घेते, म्हणून टिकते."

दुकानदार पाठ फिरवून फळीवरचा खोका काढू लागला. "मग तयार चाकच न्या ना," तो तिकडूनच म्हणाला. "बसवलं की मोकळे."

ह्यावर हे काही बोलले नाहीत. ऐकू आलं नसावं, किंवा येऊनही उत्तर द्यायचं नसावं. गेली दोन वर्षं ह्या दोहोंतला फरक मलाही सांगता येत नव्हता.

मुलगी बघायला गेल्यासारखी ह्यांची खरेदी चालली होती. छत्तीस भोकांची रिम काचेवर आडवी ठेवून ती कुठे डुगडुगते का ते पाहिलं. भोकाभोकाला पोलादी कडी आहे ना, ते बोट फिरवून तपासलं. तारांच्या टोकांना बसणारे नट पितळीच हवेत, अ‍ॅल्युमिनियमचे चावीखाली सोलतात. नवी चावीही घेतली, पण चार चाव्या नटावर घालून, जी जराही हलली नाही ती. "सैल चावी आणि सैल जीभ, दोन्ही काम बिघडवतात," असं मला ऐकवून ती खिशात टाकली. चाकाच्या मधला हब मात्र वन्संच्या सायकलचा जुनाच ठेवायचा होता. त्याला काही झालेलं नव्हतं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. वय एकाहत्तर. पस्तीस वर्षं नर्स होत्या, सायकलवरून घरोघर जाऊन मलमपट्टी करायच्या. अजूनही चार-पाच म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघायला जातात, आणि त्यांतले दोघे त्यांच्याहून लहान आहेत. दोन महिन्यांत त्यांच्या मागच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या. तिसऱ्या वेळी त्या पुलाच्या उतारावर पडल्या आणि गुडघा फुटला. भाच्याने सांगितलं, मामा, बस झालं, सायकल विकून टाकतो. त्या दिवशी वन्सं आमच्याकडे चालत आल्या, आणि चालताना इतक्या म्हाताऱ्या दिसल्या की ह्यांनी भाच्याला तिथल्या तिथे फोन लावला. "मी नवं चाक बांधतो. वर्षभरात एक तार तुटली तर सायकल मीच उचलून भंगारात देईन." मग चांगल्या मालाच्या शोधात आमची ही वरात निघाली.

पण दोष मालाचा नव्हता. ते मला माहीत होतं.

आमचं दुकान म्हणजे घराचीच बाहेरची खोली. चाक बांधून झालं की हे एकेका तारेवर नख मारतात. सारखा ताण असेल तर एका बाजूच्या सगळ्या तारा एकाच आवाजात बोलतात. तो आवाज ऐकतच माझा सारा जन्म स्वयंपाकघरात गेला. चाक लागलं की नाही हे मला ओट्याशीच कळायचं. आणि गेली दोन वर्षं चाकं न लागताच दारातून बाहेर जात होती. सैल तार दर फेऱ्याला वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते, आणि एक दिवस मान टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बांधून झालं. नख फिरलं. छत्तीस आवाज झाले. मी ओल्या हातांनीच बाहेर आले.

"एकसारखं लागलंय," हे समाधानाने म्हणाले.

मी परत आत जाऊ शकले असते. आजवर तेच करत आले होते. पण मी त्यांच्यासमोर, माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले.

"नाही लागलं."

"बघ की. केसाएवढाही आऊट नाही." त्यांनी चाक फिरवलं. खरंच, कुठे डोलत नव्हतं.

"सरळ आहे. पण आवाज एक नाही. ही तार बसकी बोलते. ही पण."

त्यांनी त्या तारेवर नख मारलं. मग शेजारच्या. मग कान चाकाला टेकवून पुन्हा तिसऱ्यांदा. मग चावी खाली ठेवली.

"केव्हापासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"म्हणजे ताईच्या त्या तीन तारा..."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले." तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, हे तोंडाशी आलं होतं. वन्संचा गुडघा आठवला आणि ते गिळून टाकलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

हे उठून आत गेले. मला वाटलं आता दिवसभर बोलणार नाहीत. पण भाजी निवडताना मी बसते ते बुटकं स्टूल घेऊन आले आणि चाकाच्या पलीकडे ठेवलं.

"बस. तू सांग, मी फिरवतो."

मी नख मारायचं आणि सांगायचं, "पाव फेरा. अजून थोडा. बस." ते चावी जराशी पुढे नेऊन पुन्हा किंचित मागे घ्यायचे. एकदा त्यांनी "नक्की?" असं विचारलं, मग विचारलं नाही. आत भाजी करपली, तरी कोणी उठलं नाही. शेवटी साखळीच्या बाजूच्या अठरा तारा एका आवाजात बोलल्या, आणि पलीकडच्या अठरा जरा खालच्या आवाजात, जशा बोलायला हव्यात तशा. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना ते कळलं.

संध्याकाळी वन्सं आणि भाचा आले. हे सरळ म्हणाले, "ताई, माल वाईट नव्हता. मीच सैल लावत होतो. मला आता आवाज लागत नाही."

"नर्सला ते कळत नाही होय? मी विचारते जेवलास का, तू सांगतोस साडेचार."

"मग दुसऱ्याकडे का नाही नेलंस चाक?"

वन्संनी साडीवरूनच गुडघा चोळला. "मला वाटलं, कधीतरी तूच सांगशील."

"मी पण ऐकत होते, वन्सं," मी म्हणाले.

"म्हणजे तिघंही शहाणे," त्या म्हणाल्या आणि सायकल घेऊन अंगणात गेल्या. भाचा आधाराला धावला, तर त्यांनी घंटी वाजवून त्याला बाजूला केलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. एकही तार तुटलेली नाही. ते स्टूल काही आत परत आलं नाही, मी भाजी उभ्यानेच निवडते. गिऱ्हाईक दारात येऊन विचारतं, झालं का चाक? हे सांगतात, "सरळ झालंय. ऐकायचं राहिलंय." मग मी गॅस बारीक करते, हात पुसते आणि बाहेर येते. तोवर हे चावी मांडीवर ठेवून बसलेले असतात, चाकाला हात न लावता.