फाटकावर गेलेलं नाव

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. मोताळ्याच्या एका जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रोज सकाळी फाटकावर नावं पुकारत, मगच बाया आत जात. त्या दिवशी मुकादम हिंमतरावानं अन्नपूर्णाबाईचं नाव पुकारलं अन् हातातली आगपेटी वर धरली.

"काल झडतीत ही हिच्या भाकरीच्या फडक्यात सापडली. चौकशी होईस्तोवर हिचं काम बंद."

कापसाच्या गंजीपाशी आगपेटी, म्हणजे बाई जीन जाळायलाच निघाली. हिंमतरावाच्या तोंडाला झाकण असं नव्हतंच कधी.

अन्नपूर्णाबाई घरी बसली. विहिरीवर गेली की बाया बोलता बोलता गप होत. घरात सून काही विचारीना, लेक काही विचारीना. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मग मॅनेजर वामनरावांचा निरोप आला, ऑफिसात या म्हणून. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची पुढं केली. ती खोली अन्नपूर्णाबाईनं कैकदा झाडली होती, बसली आजच.

"बाई, आगपेटी तुमची नव्हती. झडतीच्या भीतीनं दुसरीनं तुमच्या फडक्यात सरकवली. तिनं माझ्याजवळ कबूल केलं."

"कोन हाय ते?"

"ते सांगता येणार नाही. चौकशीतलं बोलणं या दाराबाहेर जात नाही."

"तिचं नाव नाही गेलं साहेब. माहं तं फाटकावरच गेलं."

"ते चुकलं," वामनराव म्हणाले.

"मंग जिथं नासवलं तिथंच धुऊन द्या. तिचं नाव नोका घेऊ."

दुसऱ्या दिवशी फाटकावर हिंमतराव बोलला, "अन्नपूर्णाबाई. आगपेटी हिची नव्हती. म्या चौकशीच्या आंधीच बोललो."

"मंग कोनाची होती बे?" मागून कोणीतरी विचारलं.

हिंमतरावाला ठाऊकच नव्हतं. अन्नपूर्णाबाई "हजर" म्हणाली अन् आत गेली.

दुपारी भाकरीचं फडकं सोडलं तरी तिच्या दोन्ही अंगाला जागा मोकळीच. तेवढ्यात रांगेतली सत्यभामा उठून आली. जिनं जन्मात कोणाला चिमूटभर मीठ दिलं नाही, तिनं गोळाभर ठेचा अन्नपूर्णाबाईच्या भाकरीवर ठेवला. मान वर होत नव्हती.

अन्नपूर्णाबाईनं ठेचा ठेवणाऱ्या हाताकडं पाहिलं अन् ओळखलं. सगळी रांग कान देऊन होती. एक शब्द टाकला असता तर सगळ्या जणी हिच्याकडं सरकल्या असत्या, अन् सत्यभामा पलीकडं एकटी बसली असती.

"मीठ कमी हाय वं," ती म्हणाली अन् घास मोडला.

सत्यभामा आपल्या जागी गेली. बाकीच्या बाया होत्या तिथंच बसून राहिल्या, हातभर लांब.