राखणीचा कोंबडा

तिसरी कोंबडी मेलेली दिसली, तेव्हा दमयंतीने आधी कोंबडीकडे पाहिलंच नाही. तिची नजर गेली ती चिऱ्यांच्या गडग्यावरून पलीकडे, लवूच्या अंगणात.

लवू म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. गडगा बांधताना तो हातभर कुणाच्या बाजूला सरकला, ह्यावरून दोन्ही घरांचं बोलणं तीन वर्षं बंद होतं. नवरा विनोद बोटीवर नोकरीला, त्यामुळे भांडण सांभाळायचं काम दमयंतीकडेच होतं आणि ते तिने मन लावून केलं होतं. गेल्या आठवड्यात बाजारात लवूच्या पिशवीत उंदरांच्या विषाची पुडी तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यानंतर दोनच दिवसांनी पहिली कोंबडी गेली. मग दुसरी. मग ही.

"तोंडाने बोलला नाय, पण करून दाखवलंन," ती पुटपुटली.

आधीच्या दोघी तिने माडाच्या बुंध्याशी पुरल्या होत्या. ही पुरायची नव्हती. तिने कोंबडी पायांना धरून उचलली, पिशवीत घातली, वर गाठ मारली आणि फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात, खवलेल्या खोबऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून दिली. विनोद पुढच्या आठवड्यात सुट्टीवर यायचा होता. त्याला पुरावा दाखवायला नको?

दुसऱ्या दिवशी वाडीची राखण होती. भात घरात आलं की दरवर्षी राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला, प्रत्येक घरातून एक कोंबडा जायचा. वाडीची रीत अशी, की आदल्या दिवशी सगळे कोंबडे मानकऱ्याच्या अंगणात बांबूच्या एकाच मोठ्या डालग्याखाली ठेवायचे. सकाळी मानकऱ्याने ते आपल्या हाताने कापायचे आणि वाडीने तिथेच शिजवून जेवायचं. मानकरी होता लवू. दुपारी दमयंतीने आपला तांबडा कोंबडा पाय बांधून गडग्यावर ठेवला आणि पाठ फिरवली. लवूने तो उचलला.

चारच्या सुमारास तोंडाला मास्क लावून, हातात वही घेऊन आरोग्य केंद्राची आशा सेविका आली. नम्रता तिचं नाव, आणि ती लवूच्या बायकोची भाची.

"काकू, घरात कुणाला ताप, खोकला?"

"नाय."

"कोंबड्या कशा आहेत? एखादी मेली वगैरे?"

दमयंतीच्या कपाळावर आठी पडली. नेमका हाच प्रश्न हिला कुणी शिकवून पाठवलंन? "ठणठणीत आहेत सगळ्या. का गो? कोणी सांगितलंन तुला?"

"कोणी नाही. खाडीकडेला बगळे मरून पडलेत. म्हणून घरोघर विचारत्ये. पक्ष्यांचा फ्लू असू शकतो."

"बगळ्यांचा आजार माझ्या मागील दारी कशाला येईल?"

नम्रता पायरीवर टेकली. तिला घाई नसावी. "काकू, तुमची ती पांढरी शेळी आठवते? वर्षभर गडग्याच्या आत चरायची. एकदा उडी मारायला शिकली, मग कुणाचा परसू सोडलान तिने? ह्या आजाराचं तसंच आहे. आज तो पक्ष्यांत आहे. आजारी पक्षी उघड्या हाताने हाताळला, कापला, पिसं काढली, तर एखाद्या माणसात शिरतो. आणि माणसातून माणसात उडी मारायला शिकला, की त्याला अडवणारा गडगा नाही. कोरोनाने काय केलंन, पाहिलंत ना?"

"मग आम्ही काय करायचं म्हणतेस?"

"मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. मला कळवायचं, मी जनावरांच्या डॉक्टरांना कळवते. हात लागलाच तर साबणाने धुवायचा आणि दहा दिवस तापावर लक्ष ठेवायचं. उद्या राखण आहे ना? एका जरी घरात कोंबडी मेली असेल, तर कापाकापी नको."

एक कागद ठेवून ती पुढे गेली. दमयंती तिच्याकडे पाहत राहिली. लवूने पुडी टाकायची आणि भाचीने बगळ्यांवर ढकलायचं! बरं जमवलंनीत.

तरी तिने कागद वाचला. त्यावर खुणा दिल्या होत्या. तुरा निळसर पडणं, डोकं सुजणं, मान पोटाशी घेऊन बसणं. तिने फ्रिज उघडला आणि पिशवी उजेडाला धरली. आतला तुरा जांभळासारखा झाला होता.

ती मागील दारी खुराड्याकडे गेली. उरलेल्यांपैकी दोघी मान पोटाशी घेऊन बसल्या होत्या. आणि तेव्हा तिला आठवलं, की पहिली गेल्यापासून लवूच्या भीतीने तिने एकीलाही बाहेर सोडलं नव्हतं. दाणे तिच्या घरचे, पाणी तिच्या विहिरीचं. मग विष आत गेलं कुठून?

तांबडा कोंबडाही दुपारपर्यंत ह्याच खुराड्यात होता. आता तो वाडीभरच्या कोंबड्यांबरोबर डालग्याखाली होता आणि सकाळी लवूच्या हातात येणार होता.

सांगायचं, तर वाडी म्हणणार, राखणदाराला रोगी कोंबडा दिलान. लवूला तर आयतंच मिळणार. नाही सांगायचं, तर कोणाला कळणार होतं? पलीकडून सुरी दगडावर घासल्याचा आवाज येत होता. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. दमयंतीने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, पदर खोचला आणि गडग्याच्या पडक्या जागेतून पलीकडे उतरली.

अंगणात चारपाच माणसं बसली होती.

"भावोजी, डालग्याला हात लावू नका. माझा कोंबडा आजारी असेल. माझ्या तीन कोंबड्या मेल्या."

लवूने सुरी खाली ठेवली नाही. "आणि हे आत्ता सांगताय? माझ्या मानाच्या आदल्या संध्याकाळी? वयनी, राखण मोडायचा डाव आहे हा."

"डाव कसला! मला वाटलं, तुम्ही विष घातलंत."

"मी?"

"बाजारात पुडी घेतलीत ती!"

"ती माडावरच्या उंदरांसाठी! शहाळी पोखरतायत!"

"मला काय ठाऊक? पुरावा म्हणून तिसरी फ्रिजात ठेवल्ये मी."

निलेश म्हणून एक पोरगेला माणूस होता, तो फस्सकन हसला. "खोबऱ्याशेजारी की माशांशेजारी, काकी?"

"खोबऱ्याशेजारी," दमयंती म्हणाली. पुढे कोणी हसलं नाही.

लवू डालग्यापासून दोन पावलं मागे सरला. "दुपारपासून आरवला नाय तुमचा कोंबडा," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, मुद्दाम मरतुकडा दिलात. माझ्या हातून राखण बिघडावी म्हणून." त्याने स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. "मी चोच उघडून पाणी पाजलं त्याला."

"साबण आणा," दमयंती म्हणाली. "आणि नम्रताला फोन लावा. तिला सांगा, काकू खोटं बोलली."

दुसऱ्या दिवशी अंगभर पांढरे झगे घातलेली माणसं आली. त्यांनी फ्रिजातली पिशवी नेली, तपासणीसाठी नमुने घेतले, कोंबड्यांची विल्हेवाट लावली. दमयंतीचं खुराडं रिकामं झालं. वाडीने राखणदाराला नारळ दिला आणि तेवढ्यावर सांभाळून घे, असं गाऱ्हाणं घातलं. तपासणीचा निकाल यायचा होता. तोवर दमयंतीने आणि लवूने आपापल्या घरात वेगळं राहायचं, नम्रता रोज येऊन ताप मोजणार, असं ठरलं.

चौथ्या सकाळी दमयंती तोंडाला मास्क बांधून मागील दारी उभी होती. गडग्यापलीकडे, बऱ्याच अंतरावर, लवू दात घासत होता.

"वयनी, ताप?"

"नाय. तुम्हाला?"

"नाय."

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"खरं सांगताय ना?"

"तुम्ही सांगताय तेवढंच खरं," लवू म्हणाला आणि चूळ भरायला वळला.